पंचनाम्यापूर्वी छत पाहा

जालना जिल्ह्यातील खेड्यात घराचे छत पाहण्यासाठी सरकारी माणूस हमखास येतो, असा प्रसंग एकच असतो : छत खाली आल्यावर. तेव्हा शिडीची गरज उरलेली नसते. माती, मोडक्या तुळया, वाळवीने पोखरलेल्या फळ्या आणि त्यांखाली दबलेला संसार असे सारे अंगणातूनच दिसते. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, पंच सह्या करतात आणि पंचनामा पुरा होतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या आपत्ती साहाय्याच्या निकषांप्रमाणे, कच्च्या घराची अंशतः पडझड झाली आणि ती निदान १५ टक्के भरली, तर ४ हजार रुपये. पक्क्या घराची असेल तर साडेसहा हजार. घर पूर्णच पडले, तर सपाट प्रदेशात १ लाख २० हजार. घरकुल नव्याने बांधण्यासाठी शासन जी रक्कम देते तीही नेमकी एवढीच आहे, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पडलेल्या घरासाठी पैसा आहे आणि नव्या घरासाठीही आहे. परंतु उभे असलेले घर येत्या पावसाळ्यात पडेल की नाही, हे वेळेवर पाहण्यासाठी मात्र खेड्यात ना पैसा आहे, ना माणूस, ना तरतूद.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात पिकांबरोबर घरांचीही पडझड झाली. त्या वेळी चर्चा झाली ती मदत किती मिळाली व केव्हा मिळाली याची. आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु मदतीच्या रकमेवरून भांडत असताना त्यापूर्वीचा प्रश्न बाजूला पडतो. त्या घरांच्या तुळया एका रात्रीत कुजल्या नव्हत्या.

माळवदाचे घर ही मराठवाड्याची जुनी आणि शहाणपणाची निर्मिती आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि फळ्या, त्यांवर पाला व काटक्यांचा थर आणि सर्वांत वर गावच्या पांढरीतून आणलेली माती. वैशाखातल्या दुपारी अशा घरात शिरलेल्या माणसाला जो गारवा मिळतो, तो पत्र्याच्या घरात नाही आणि सिमेंटच्या स्लॅबखालीही नाही. मात्र या छताचा एक स्वभाव आहे : ते दरवर्षी काम मागते. मृगापूर्वी वर चढून भेगा बुजवायच्या, गवत उपटायचे, उतार नीट करायचा, पन्हळ मोकळी करायची आणि नवी माती चोपायची. जुनी माती काढून मग नवी टाकावी, हा मूळचा रिवाज. तो कष्टाचा आहे. हाताशी माणूस नसले की जुनी माती तशीच राहते आणि तिच्यावर नवी पडते. असे दहा-वीस पावसाळे गेले की वीतभर जाडीचे माळवद दीड-दोन फुटांचे होते.

याचा हिशोब कोणीही करू शकेल. दहा बाय बारा फुटांची खोली धरली आणि तिच्यावर केवळ एक फूट माती आहे असे मानले, तरी कोरड्या मातीचा भार पाच टनांहून अधिक भरतो. दोन फूट असेल तर दहा टनांच्या वर. पावसात माती भिजली की त्यात आणखी भर. चार माणसे ज्या छताखाली अंथरूण टाकतात त्या छतावर मालाने भरलेला ट्रक उभा आहे, आणि तो ज्या तुळयांवर उभा आहे त्यांची भिंतीत गेलेली टोके कोणी तीस वर्षांत पाहिलेली नाहीत, अशी ही स्थिती आहे.

या भाराचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मोजमापाने मध्यम होती. माणसे मेली ती मुख्यतः झोपेत, सुट्या दगडांच्या जाड भिंती आणि जड माळवद अंगावर येऊन. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि पुनर्वसनाच्या कौतुकाचे व तक्रारींचे पुष्कळ साहित्य निर्माण झाले. परंतु त्याच कार्यक्रमाचा दुसरा, तुलनेने मुका राहिलेला भाग असा की लाखाहून अधिक घरे न पाडता दुरुस्त व मजबूत करण्यात आली. छतावरची जादा माती उतरवणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरकस आधार देणे, भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड बसवणे, दरवाज्याच्या वर चहूबाजूंनी सलग पट्टा फिरवणे, अशी ही कामे. भारतीय मानक संस्थेने कमी ताकदीच्या बांधकामासाठी १९९३ मध्येच जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हेच सांगितले आहे. कोणतेही काम अवघड नाही, आणि एकही काम गावच्या गवंड्याच्या व सुताराच्या आवाक्याबाहेरचे नाही.

त्या कार्यक्रमात आणखी एक गोष्ट घडली, जी आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. मजबुतीकरण म्हणजे काय, अनुदान कसे मिळते, गवंडी काम नीट करतो की नाही, हे पाहणे आणि शेजारणींना समजावणे हे त्यांचे काम. अभियंता आठवड्याला येई. या बाया रोज तेथेच असत. गळती कुठल्या कोपऱ्यात सुरू होते, कुठल्या तुळईतून भुसा पडतो, कुठला खांब कलला आहे, हे घरात सर्वांत आधी स्वयंपाक करणारीला ठाऊक असते. या साध्या सत्याला तेथे प्रथमच शासकीय कामात जागा मिळाली. तो प्रयोग भूकंपग्रस्त भागापुरता राहिला आणि कार्यक्रम संपला तेव्हा तोही संपला, ही आपल्या प्रशासनाची नेहमीची रीत. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, नांदेड, परभणी या जिल्ह्यांत पुन्हा धक्के जाणवले, तेव्हा लोक घराबाहेर धावले. यावेळी छते टिकली. ती सुरक्षित होती म्हणून टिकली, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही, कारण ती कोणी पाहिलीच नव्हती.

आता नव्या घरांकडे वळावे. इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. या योजनेतही छताची तपासणी होते, किंबहुना दोनदा होते. पहिली तपासणी पात्रतेची. घर कच्चे की पक्के हे ठरते ते भिंतीवरून आणि छतावरून, आणि जनगणनेच्या वर्गीकरणात पत्र्याचे छत पक्क्यात गणले जाते. म्हणजे ज्या कुटुंबाने गळक्या माळवदाला कंटाळून, दोन हंगाम ऊस तोडून, उचल घेऊन चार पत्रे आणले, त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला पक्क्या घराचा मालक करून घेतले. ज्याने काहीच केले नाही, तो पात्र. पाहणीचे पथक येणार असे कळले की लोक पत्रे काढून ताडपत्री टाकतात, अशी कुजबुज ऐकू येते आणि तिच्यावर मध्यमवर्गात छद्मी हसू उमटते. तसे कोठे घडत असलेच, तर त्या माणसाला दोष देण्यापूर्वी त्याला तसे करण्यास शिकवणारे वर्गीकरण कोणी केले, हे विचारले पाहिजे. गृहिणीला उन्हाळ्यात भाजून काढणारा आणि वादळात उडून जाणारा पत्रा ‘पक्का’ कोणाच्या दृष्टीने?

दुसरी तपासणी हप्त्याची. जोते झाले की छायाचित्र, भिंती उंचावल्या की छायाचित्र, स्लॅब पडला की छायाचित्र. आणि प्रत्येक छायाचित्रावर स्थळाची व वेळेची नोंद. पूर्वी कागदावर घरे उभी राहत आणि पैसे खाल्ले जात. त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु छायाचित्र जे सिद्ध करते ते एवढेच की अमुक जागी अमुक दिवशी छत आहे. स्लॅबमध्ये सळई किती जाडीची आहे, किती अंतरावर आहे, खालून सिमेंटचे आवरण किती आहे, यातले काहीही त्या करड्या पृष्ठभागावरून दिसत नाही. काँक्रीट ओतल्यानंतरची तपासणी ही छताची तपासणी नव्हे. ती खर्च झालेल्या पैशाच्या पावतीची तपासणी आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लागू होतो. सपाट प्रदेशातील घरकुलाचे मूळ अनुदान २०१६ मध्ये १ लाख २० हजार ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंत आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, तीही त्याच दराने. मधल्या काळात सिमेंट, वाळू, मजुरी यांपैकी काहीही २०१६ च्या भावात राहिलेले नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले. तीतील १५ हजार छतावरील सौर पॅनेलसाठी राखलेले. छतावर काय बसवायचे याची काळजी झाली, छत ते पेलेल का हे पाहण्याची झाली नाही. घराचा आकार २५ चौरस मीटरांहून कमी करता येत नाही आणि छायाचित्र चुकवता येत नाही. मग तूट कोठे भरून निघते? जेथे कॅमेरा पोहोचत नाही तेथे : पायाच्या खोलीत, सळईच्या वजनात आणि पाण्यात. हा गवंड्याचा किंवा लाभधारकाचा अप्रामाणिकपणा नव्हे. अपुऱ्या पैशात पुरे दिसणारे घर मागितले, की असेच घर मिळते.

पाण्याची गोष्ट जालन्यात विशेष लक्ष देण्याजोगी आहे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. बांधकाम करायचे ते एप्रिल-मे महिन्यांत, कारण जूनमध्ये पेरणी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा कोयता. म्हणजे वर्षातील सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत कोरड्या दिवसांत स्लॅब पडतो. काँक्रीट वाळून घट्ट होते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ते ओले राहून घट्ट होते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला निदान सात दिवस पाणी हवे. उष्ण व कोरड्या हवेत दहा. आणि बाजारात बहुतांशी मिळणारे राख-मिश्रित सिमेंट असेल तर अशा हवेत चौदा. २५ चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचे तर सुरुवातीलाच साडेबाराशे लिटर लागतात. उन्हाने रोज एक सेंटिमीटर उडाले असे धरले तर दररोज अडीचशे लिटर. चौदा दिवसांचा हिशोब पाच हजार लिटरच्या टँकरच्या आसपास जातो. ज्या गावात माणशी हंडे मोजून पाणी मिळते, तेथे छताला एक टँकर पाजण्याची हिंमत कोण करील? सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या शिंपडून चार दिवसांत काम आटोपते. त्या स्लॅबला भेगा पडतात, भेगांतून पाणी शिरते, सळई गंजते, फुगते आणि पंधरा वर्षांत छताचे पोपडे अंथरुणावर पडू लागतात. १ लाख २० हजारांच्या घरासाठी एका टँकरची तरतूद कोणत्याही शीर्षकाखाली नाही.

आणि सळईविषयी काय सांगावे! जालना हे पोलादाचे शहर आहे. येथील औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवतात आणि तेथून निघालेली सळई दूरदूरच्या शहरांतील उंच इमारतींत जाते. त्या भट्ट्यांच्या धुरापासून दहा-वीस मैलांवर, सळईचे वजन काट्यावर करून घेता येते हे कोणी न सांगितलेले कुटुंब, गवंडी आणील ती सळई ठीक मानून छत टाकते. आठ मिलिमीटर व्यासाची सळई मीटरला सुमारे ३९५ ग्रॅम भरली पाहिजे. दहा मिलिमीटरची ६१७ ग्रॅम. एक मीटरचा तुकडा किराणा दुकानाच्या तराजूवर टाकला की सातआठ टक्क्यांहून अधिक तूट लगेच कळते. ज्या जिल्ह्यात पोलाद बनते, तेथील प्रत्येक माध्यमिक शाळेत हा आकडा पाठ हवा होता.

तर मग छत तपासणीसाठी सिद्ध करणे म्हणजे काय? पथक येण्याच्या आदल्या दिवशी झाडलोट करून नावाची पाटी रंगवणे नव्हे. नव्या स्लॅबच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की काँक्रीट ओतण्यापूर्वी, सळई बांधून झालेली व फळ्या साफ केलेल्या स्थितीत, निदान एक दिवस काम थांबवायचे. शिडी लावायची. सळई फळीला टेकलेली नाही, तिच्याखाली सर्वत्र वीस मिलिमीटरच्या गिट्ट्या आहेत, बाल्कनी किंवा छज्जा असेल तर तेथील मुख्य सळई वरच्या अंगाला आहे (ती खाली टाकली गेल्याने छज्जे कोसळतात, आणि ही चूक अनुभवी गवंड्यांकडूनही होते), टेकू कच्च्या विटांवर नव्हे तर घट्ट जमिनीवर आहेत, आणि पाण्याचा टँकर ठरलेला आहे, एवढे अभियंत्याने पाहून सही करायची. आणि त्या सहीवर पुढचा हप्ता द्यायचा, ओतल्यानंतरच्या छायाचित्रावर नव्हे. टेकू काढायचे तेही गवंड्याला फळ्या दुसरीकडे हव्यात म्हणून नव्हे, तर निदान सात दिवस, आणि अंतर साडेचार मीटरांहून अधिक असेल तर चौदा दिवस झाल्यावर.

जुन्या माळवदाच्या बाबतीत सिद्धता वेगळी. वर साठवलेला कडबा, गोवऱ्या, सरपण खाली उतरवायचे. कोपऱ्यात खणून मातीची जाडी मोजायची. तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथील गिलावा हातभर खरवडून लाकूड उघडे करायचे आणि टोकदार लोखंडाने टोचून पाहायचे. लोखंड सहज आत गेले तर त्या खोलीत त्या पावसाळ्यात कोणी झोपायचे नाही, मग टेकू देऊन दुरुस्ती होईपर्यंत काहीही होवो. पन्हळीतून बादलीभर पाणी ओतून ते भिंतीत मुरते की बाहेर पडते ते पाहायचे. घरातल्या बाईला विचारायचे. एवढ्याला अर्धा दिवस लागतो.

अभियंते थोडे आणि घरे हजारो, हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. पंचायत समितीच्या अभियंत्याकडे जितकी गावे असतात तितकी सांभाळताना छायाचित्रे चढवणे हेच त्याचे पूर्णवेळ काम होऊन बसले आहे. त्यावर उपाय गावाच्या हाती आहे. एका गावात वीस घरकुले मंजूर असतील तर वीस स्लॅब वीस वेगवेगळ्या दिवशी पडण्याचे काही कारण नाही. चार-पाच घरांनी मिळून दिवस ठरवला तर अभियंत्याची एक फेरी पुरते, मिक्सर एकदाच आणावा लागतो, टँकर वाटून घेता येतो आणि सळईचा भावही घाऊक मिळतो. योजनेच्या मूळ आराखड्यात ग्रामीण गवंड्यांसाठी पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण आहे. ते घेतलेला एक गवंडी आणि लातूरच्या धर्तीवर दोन स्त्रिया अशी तिघांची समिती ग्रामपंचायतीने नेमली, तर अभियंता नसलेल्या दिवशीही छताकडे पाहणारे डोळे गावात राहतील. त्या तिघांना दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे. फुकटच्या श्रमावर उभी केलेली लोकसहभागाची इमारत फार दिवस टिकत नाही.

शहरात तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे. २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली आणि ही तरतूद जुन्या जालन्याला व कादराबादच्या वाड्यांनाही लागू झाली. ती कितपत अंमलात येते हा निराळा विषय. पण शहराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकताच शंभर वर्षांच्या माळवदालाही कोणी काही विचारत नाही. खेड्यातल्या माणसाच्या डोक्यावरचे छत ही त्याची खासगी बाब, आणि ते पडले की मात्र ती नैसर्गिक आपत्ती, ही विभागणी शासनाला सोयीची आहे. तीत बदल करायचा तर मागणी दोन गोष्टींची करावी लागेल : पडझडीनंतर जे चार हजार देता, तेवढेच पडझडीपूर्वी माती उतरवण्यासाठी व तुळई बदलण्यासाठी द्या, आणि पत्र्याच्या छताला पक्के म्हणणे बंद करा.

कार्यकर्त्यांपुढचे काम मागणीपत्रकापाशी थांबत नाही. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा होते. जालना जिल्ह्याची स्थापनाही १९८१ सालच्या त्याच तारखेची, आणि कामगार दिनही तोच. त्या दिवशीच्या सभेत गावातील माळवदांची घरवार यादी आणि त्या महिन्यात पडणाऱ्या स्लॅबच्या तारखा वाचल्या जाव्यात, असा ठराव आठही तालुक्यांत मांडता येईल. यादी करण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये घरोघर जावे लागेल; ऊसतोडीहून न परतलेल्यांची घरे कुलूपबंद असतील, त्यांची माती शेजाऱ्यांच्या साक्षीने बाहेरून मोजावी लागेल. मृग लागायला त्यानंतर जेमतेम पाच आठवडे उरतात.